बारावीच्या आधीच कॉलेज: अमेरिकेतली शाळा, कम्युनिटी कॉलेज आणि मधला सांधा

फेब्रुवारीत न्यू जर्सीहून ताईचा फोन आला. भाची तिथं नववीत आहे. पुढच्या वर्षी कुठले विषय घ्यायचे याचा फॉर्म शाळेनं घरी धाडला होता आणि त्यात 'हेल्थ सायन्स' या नावापुढे तीन शब्द छापलेले होते: सीटीई, ड्युअल एनरोलमेंट, आर्टिक्युलेटेड क्रेडिट. ताई वाचून दाखवत होती आणि मागून दाजींचा आवाज येत होता, "त्याला विचार, हे आपल्या डिप्लोमासारखं आहे का? पोरगी बारावीला मुकणार तर नाही ना?"

दाजी मूळचे मिरजेचे. दहावीनंतर डिप्लोमा, तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, मग नोकरी, मग अमेरिका. एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाताना काय हाती राहतं आणि काय गळतं, हे त्यांनी स्वतः अनुभवलं आहे. त्यामुळे प्रश्न त्यांनी नेमका विचारला. थोडक्यात उत्तर असं की बारावी चुकत नाही. पण त्या तीन शब्दांपैकी शेवटचे दोन दिसायला सारखे असले तरी त्यांचे परिणाम फार वेगळे आहेत, आणि हा फरक फॉर्मवर कुठेच लिहिलेला नव्हता.

न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्निया, नॉर्थ कॅरोलिना इथल्या कितीतरी मराठी घरांत दरवर्षी असा फॉर्म येतो. त्यात २०२५ मध्ये बातमी आली की अमेरिकेत शाळा-कॉलेजांतल्या व्यवसाय शिक्षणाला मिळणाऱ्या केंद्रीय पैशांचा कारभार शिक्षण खात्याकडून श्रम खात्याकडे नेला जातोय. ती वाचून पालकांचा गोंधळ आणखी वाढला. म्हणून हे सगळं पहिल्यापासून सांगतो.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय

अमेरिकेत शाळा बारावीपर्यंत असते. पुढे चार वर्षांची पदवी. पण ही चार वर्षं एकाच ठिकाणी काढलीच पाहिजेत असं नाही. पहिल्या दोन वर्षांसाठी गावातलं किंवा काउंटीतलं सरकारी कॉलेज असतं, तेच कम्युनिटी कॉलेज. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. देशभरात अशी सुमारे हजार कॉलेजं आहेत. बहुतेकांत प्रवेशासाठी गुणांची अट नसते, येईल त्याला घेतात. वर्षाची फी स्थानिक विद्यार्थ्याला सरासरी ४,००० डॉलरच्या आसपास पडते. राज्याच्या सरकारी विद्यापीठात तीच ११,००० डॉलरच्या पुढे जाते.

इथं आणखी एक शब्द लागेल: क्रेडिट. आठवड्याला एक तास, साधारण पंधरा आठवडे, एवढ्या वर्गाला एक क्रेडिट. एक विषय बहुधा तीन क्रेडिटचा असतो. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी, जिला असोसिएट पदवी म्हणतात, ती ६० क्रेडिटची. चार वर्षांची पदवी १२० ची. म्हणजे ही सगळी व्यवस्था पासबुकासारखी आहे: क्रेडिट जमा होत जातात आणि ठरलेला आकडा गाठला की पदवी मिळते. आपल्याकडे वर्ष पास व्हायचं असतं, तिकडे विषय.

या कॉलेजांचा जन्मच शाळेत झाला, हे फार थोड्यांना माहीत असतं. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ मध्ये तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राउन यांनी शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या साथीनं शाळेतच कॉलेजची पहिली दोन वर्षं सुरू केली. गावातल्या मुलांना घर न सोडता पुढे शिकता यावं, एवढाच हेतू. पहिल्या वर्गात सहा विद्यार्थी होते. नाव जोलिएट ज्युनिअर कॉलेज. ते आजही चालू आहे. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हटलं की अकरावी-बारावी. तिकडे त्याच नावाची संस्था बारावीनंतरची. मराठी पालकांचा पहिला घोळ इथंच होतो.

शाळेतली जुनी भिंत

व्यवसाय शिक्षणाला तिकडे आता सीटीई म्हणतात, म्हणजे करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन. पूर्वीचं नाव व्होकेशनल. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानं शेती, कारागिरी आणि गृहविज्ञान शिकवायला शाळांना पहिल्यांदा केंद्राचे पैसे मिळाले. अट अशी की निदान अर्धा वेळ प्रत्यक्ष कामात जावा. कल्पना चांगली होती, पण तिच्यामुळे शाळेत एक भिंत उभी राहिली. एका बाजूला कॉलेजला जाणारी मुलं, दुसऱ्या बाजूला कामाला जाणारी. आणि कुठल्या बाजूला कोण, हे बऱ्याचदा मुलाच्या कलापेक्षा त्याच्या रंगावरून, घरच्या मिळकतीवरून ठरत गेलं. कृष्णवर्णीय, लॅटिनो, नव्यानं आलेल्या स्थलांतरितांची मुलं वर्कशॉपकडे ढकलली गेली. भिंतीपलीकडे जायला दार नव्हतं.

या भिंतीत दार काढायचा प्रयत्न चाळीस वर्षं चालू आहे. केंटकीचे खासदार कार्ल पर्किन्स यांच्या नावानं १९८४ मध्ये नवा कायदा झाला. त्याच सुमारास कम्युनिटी कॉलेजांच्या संघटनेचे प्रमुख डेल पार्नेल सांगू लागले की हुशार मुलांकडे सगळे पाहतात, अडचणीतल्या मुलांकडेही कुणीतरी पाहतं, पण मधल्या मोठ्या गठ्ठ्याकडे कुणाचंच लक्ष नाही. त्यांचा तोडगा 'टू प्लस टू' नावानं ओळखला गेला: शाळेची शेवटची दोन वर्षं आणि कम्युनिटी कॉलेजची दोन, मिळून एकच सलग चार वर्षांचा अभ्यास. १९९० मध्ये पर्किन्स कायद्यात त्याला 'टेक प्रेप' म्हणून पैसे मिळाले. २००६ च्या सुधारणेत व्होकेशनल हा शब्द जाऊन सीटीई आला आणि शाळा-कॉलेजची जोडलेली अभ्यासवाट आखणं बंधनकारक झालं. आत्ताचा कायदा २०१८ चा, पाचवा पर्किन्स. वर्षाला सव्वा अब्जाहून जास्त डॉलर त्यातून राज्यांना जातात. वर म्हटलेली श्रम खात्याची बातमी या पैशांबद्दलची. शाळेतले वर्ग त्यामुळे बंद झालेले नाहीत; शिक्षण तिकडे मुळात राज्यांच्या हातात आहे.

पासबुकात जमा, की दुकानाची क्रेडिट नोट?

आता मुख्य गोष्ट. शाळेत शिकलेला विषय कॉलेजात धरला जावा यासाठी दोन रीती आहेत.

पहिली ड्युअल एनरोलमेंट. मूल शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजात रीतसर नाव नोंदवतं. विषय एकच, पण नोंद दोन ठिकाणी: शाळेच्या गुणपत्रकावर आणि कॉलेजच्याही. सेमिस्टर संपलं की क्रेडिट त्याच्या नावावर जमा. वर्ग कधी कॉलेजात भरतो, कधी ऑनलाइन, आणि बऱ्याचदा शाळेतच, कॉलेजनं मान्य केलेला शिक्षक घेऊन.

दुसरी रीत आर्टिक्युलेटेड क्रेडिट. इथं मूल फक्त शाळेचा विषय शिकतं. शाळा आणि एका ठराविक कॉलेजमध्ये करार असतो की हा विषय अमुक ग्रेडनं पास झालेला विद्यार्थी पुढे आमच्याकडे आला, तर आम्ही आमचा तमुक विषय त्याला झालेला धरू. हा 'तर' महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्यानं त्याच कॉलेजात जायला हवं, ठरलेल्या मुदतीत जायला हवं, आणि बहुतेक ठिकाणी स्वतःहून अर्ज करून ते मागायला हवं.

साडीच्या दुकानात साडी परत केली की दुकानदार पैसे देत नाही, क्रेडिट नोट देतो. ती त्याच दुकानात चालते, सहा महिन्यांत चालते आणि दाखवली तरच चालते. कपाटात राहिली तर कागद. आर्टिक्युलेटेड क्रेडिट हे असं आहे. ड्युअल एनरोलमेंट म्हणजे बँकेत जमा झालेली रक्कम. दुसऱ्या बँकेत वळवताना थोडी खटपट होईल, पण ती तुमच्या नावावर आहे.

टेक प्रेपच्या काळात करार ढिगानं झाले, समारंभानं सह्या झाल्या, आणि मुलांनी त्या नोटा वटवल्याच नाहीत. अठरा वर्षांच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी शिकलेल्या वेल्डिंगच्या विषयाबद्दल कॉलेजच्या कुठल्या खिडकीवर कुठला फॉर्म भरायचा, हे कोण सांगणार? मला या सगळ्या विषयातली ही सर्वात दुखरी जागा वाटते. मूल शिकलं, शिक्षकानं शिकवलं, करारही होता, आणि तरी तेच पुन्हा फी भरून शिकावं लागलं.

म्हणून गेल्या काही दशकांत कल ड्युअल एनरोलमेंटकडे झुकला. राज्यव्यापी सुरुवात मिनेसोटानं १९८५ मध्ये केली. वॉशिंग्टन राज्यानं १९९० मध्ये 'रनिंग स्टार्ट' कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांची कम्युनिटी कॉलेजची शिकवणी फी माफ केली. नॉर्थ कॅरोलिना आणि फ्लोरिडातही सरकारी शाळेतल्या मुलांना शिकवणी फी पडत नाही. इतर अनेक ठिकाणी सवलतीच्या दरात का होईना, पालक भरतात. २०२२-२३ मध्ये देशभरात सुमारे २५ लाख शाळकरी मुलांनी कॉलेजचा निदान एक विषय असा घेतला. आज कम्युनिटी कॉलेजातल्या दर पाच विद्यार्थ्यांत साधारण एक जण अजून शाळेत आहे. जोलिएटचे सहा जण शाळेत बसून कॉलेज शिकत होते, आणि सव्वाशे वर्षांनी गाडी फिरून त्याच स्टेशनात आली आहे.

ब्रुकलिनची सहा वर्षांची शाळा

हा सांधा सगळ्यात घट्ट कुठं बसवला, तर ब्रुकलिनच्या क्राउन हाइट्स भागात. २०११ मध्ये तिथं 'पी-टेक' नावाची सरकारी शाळा सुरू झाली. शाळेचं खातं, न्यू यॉर्कच्या सिटी विद्यापीठाचं तंत्रज्ञान कॉलेज आणि आयबीएम कंपनी, असे तीन भागीदार. इयत्ता नववी ते 'चौदावी', म्हणजे सहा वर्षं. प्रवेशाला चाळणी परीक्षा नाही. शेवटी हातात दोन कागद: शाळेचं प्रमाणपत्र आणि दोन वर्षांची असोसिएट पदवी, तीही फुकट. वर कंपनीतले मार्गदर्शक, इंटर्नशिप, आणि नोकरीच्या मुलाखतीत रांगेत पुढची जागा. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी संसदेपुढच्या भाषणात या शाळेचं नाव घेतलं आणि त्याच वर्षी ते स्वतः तिथं गेले. पहिल्या तुकडीतली काही मुलं सहाऐवजी चारच वर्षांत दोन्ही कागद घेऊन बाहेर पडली.

तिथं काय वेगळं केलं? क्रेडिट नोट ठेवलीच नाही. कॉलेजचा विषय कधी घ्यायचा, त्याआधी काय यायला हवं, कोण पैसे देणार, हे नववीच्या पहिल्या दिवशी ठरलेलं. मुलानं काही मागायचं नाही, सांधा आधीच जोडलेला. पुढे हा साचा इतर राज्यांत आणि परदेशांतही गेला. पण हे खर्चाचं काम आहे आणि मोठी कंपनी शेजारी असावी लागते. आयोवाच्या शेतगावात ती कुठून आणणार?

"पण हे अभ्यासात मागे असलेल्या मुलांसाठी असतं ना?"

ताईनं हा प्रश्न जरा हळू आवाजात विचारला. आपल्या घरांत आयटीआयबद्दल जो आवाज निघतो, तोच.

भिंतीचा इतिहास पाहता शंका रास्त आहे. पण आज अमेरिकेत शाळा संपवणाऱ्या दहांपैकी आठाहून जास्त मुलांनी व्यवसाय शिक्षणाचा निदान एक विषय घेतलेला असतो. न्यू जर्सीतल्या २१ च्या २१ काउंट्यांत व्होकेशनल शाळांची स्वतंत्र व्यवस्था आहे, आणि हॅकेनसॅकची बर्गन काउंटी अकॅडमीज ही देशातल्या अत्यंत चढाओढीच्या सरकारी शाळांपैकी एक शाळा त्याच व्होकेशनल व्यवस्थेत मोडते. तिथं प्रवेश मिळावा म्हणून आठवीतल्या मुलांना क्लास लावणारे पालक 'व्होकेशनल' हा शब्द ऐकून नाक मुरडत नाहीत.

खरी काळजी उलट बाजूची आहे. कॉलेजचे विषय शाळेत मिळू लागले, तरी ते घेणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानानं कमीच राहिलं आहे. कुठं फी आडवी येते, कुठं पात्रता चाचणी, कुठं कॉलेजपर्यंत बस नाही. शाळेतच शिकवायचं म्हटलं तर कॉलेजच्या दर्जाचा शिक्षक हवा. भाषा-गणितासाठी त्या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण मागतात. वेल्डिंग-नर्सिंगसाठी कामाचा अनुभव धरतात, पण तशी माणसं कारखाना किंवा इस्पितळ सोडून शाळेच्या पगारावर येत नाहीत. मधलं दार उघडं आहे, पण सगळ्यांच्या घरापासून तितकंच जवळ नाही.

"मन बदललं तर क्रेडिट वाया?"

पंधराव्या वर्षी निवडलेलं विसाव्या वर्षी नको वाटणं यात गैर काही नाही. तेव्हा किती वाया जातं, ते तीन गोष्टींवर ठरतं.

असोसिएट पदवीचे प्रकार असतात. 'असोसिएट ऑफ सायन्स' ही पुढे चार वर्षांच्या पदवीकडे जाणारी. 'असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स' ही सरळ नोकरीकडे नेणारी. मधला एक 'अप्लाइड' शब्द लाखमोलाचा आहे. या दुसऱ्या पदवीचे धंद्याचे विषय विद्यापीठं बऱ्याचदा आपल्याकडे वळवून घेत नाहीत. इंग्रजी लेखन, संख्याशास्त्र, मानसशास्त्र असे सामान्य विषय मात्र राज्याच्या सरकारी विद्यापीठात सहसा चालतात. नावाजलेल्या खासगी विद्यापीठांचं काही सांगता येत नाही. त्यांतली काही विद्यापीठं शाळेच्या इमारतीत शिकवलेला कॉलेजचा विषय धरतच नाहीत. नर्सिंगची गोष्ट वेगळी. दोन वर्षांच्या पदवीनंतरही नोंदणीकृत नर्सची तीच परवाना परीक्षा देता येते जी चार वर्षांवाले देतात, आणि नोकरी करत उरलेली पदवी पुरी करायची वाट पक्की बांधलेली आहे.

गुण कायमचे असतात. कॉलेजच्या पासबुकात नापास लिहिलं गेलं की ते पुसत नाही. पुढे सरकारी आर्थिक मदत मिळताना कॉलेज ही जुनी प्रगतीही मोजतं. वैद्यकीय कॉलेजच्या अर्जात शाळेत असताना घेतलेले कॉलेजचे विषयही सरासरीत धरतात. डॉक्टर व्हायची स्वप्नं पाहणाऱ्या घरांना हे दहावीतच कळायला हवं, म्हणजे हौसेनं चार-चार विषय घेऊन मूल दमणार नाही.

आणि तिसरं, क्रेडिट नुसते असून भागत नाही, ते कुठल्या तरी पदवीच्या यादीत बसावे लागतात. चाळीस क्रेडिट विखुरलेले असतील, तर त्यातून घर होत नाही, विटांचा ढीग राहतो.

व्हिसावरच्या घरांसाठी

हे इंग्रजी माहितीपत्रकांत सापडत नाही, म्हणून वेगळं सांगतो. आईवडील एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आणि मूल एच-फोरवर, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर असेल, तर मुलाला शिकायला पूर्ण मोकळीक आहे, कम्युनिटी कॉलेजातही. पण पगार घेऊन काम करता येत नाही. व्यवसाय शिक्षणात पगारी इंटर्नशिप किंवा शिकाऊ नोकरी हा भाग अनेकदा असतो. तिथं हे मूल अडकतं. वर्गाचा भाग म्हणून इस्पितळात विनावेतन पाहणं-शिकणं वेगळं, आणि सहायक म्हणून तासावर पगार घेणं वेगळं. शिवाय एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग त्याहून खूप लांब आहे. स्थानिक दराची फी लागू होते की नाही, हेही राज्याराज्यांत निराळं. वर्ग निवडण्याआधी शाळेला हे सरळ विचारावं, आणि पगाराचा कागद समोर आला तर सही करण्याआधी व्हिसाच्या वकिलाला दाखवावा.

आपल्याकडचा रूळ

दाजींना मी म्हटलं, तुमच्या डिप्लोमाशी तुलना अर्धी जुळते. महाराष्ट्रात दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड झालेला मुलगा तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला बसू शकतो, आणि डिप्लोमावाला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जागा मोजक्या, गुणांची शर्यत मोठी. पण नियम राज्यभर एकच. कागद घेऊन जा, लातूर असो की पुणे, त्याचा अर्थ तोच. अमेरिकेत हे शाळागणिक, कॉलेजगणिक बदलतं.

उलट आपल्याकडे दहावीनंतर रूळ बदलला की बारावी मागे राहते, गावातले मित्र मागे राहतात. आणि अकरावी-बारावीला बायफोकल, म्हणजे नेहमीच्या विषयांसोबत एक व्यवसाय विषय, घेऊन दोन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मुलीला पदवीच्या वर्गात त्यातलं काहीच झालेलं धरत नाहीत. ती पहिल्या धड्यापासून सुरू करते. २०२१ मध्ये आलेली क्रेडिट बँक आणि २०२३ मध्ये जाहीर झालेला राष्ट्रीय क्रेडिट आराखडा शाळेतलं शिक्षणही मोजू म्हणतात. पण क्रेडिट नोटेचा धोका तिथंही आहे. ज्या खिडकीवर ती वटायची, तिथल्या माणसाला तिची ओळख पटायला हवी.

ताई आणि भाची शाळेच्या समुपदेशकांना भेटल्या. भाचीनं प्रत्येक विषयापुढे बोट ठेवून एकच प्रश्न विचारला: "हे कॉलेजच्या गुणपत्रकावर जाणार, की मला मागावं लागणार?" शरीरशास्त्र जाणार होतं. वैद्यकीय परिभाषेचा विषय करारातला निघाला, एकाच कॉलेजात चालणारा, आणि त्याचा अर्ज बारावी संपल्यावर दोन वर्षांच्या आत करायचा. तो कोरा अर्ज समुपदेशकांनी छापून दिला. घरी आल्यावर दाजींनी आपली जुनी फाइल काढली, डिप्लोमाच्या गुणपत्रिकेमागे तो ठेवला आणि वर पेन्सिलीनं वर्ष लिहिलं.